सुई कोणाच्या हाती?

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशातल्या नोंदणीकृत डॉक्टरांची मोजदाद केली. आकडा भरला ४७,५२४. त्यांपैकी पदवीधर होते १७,६५४. उरलेले २९,८७० नुसते परवानाधारक, म्हणजे आपल्याकडची जुनी माणसे ज्यांना ‘एलसीपीएस डॉक्टर’ किंवा ‘एलएमपी’ म्हणत ते. तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम, शिकवणी बेताची आणि फीदेखील बेताची. आठवडी बाजाराच्या गावी दोन खोल्या भाड्याने घेऊन, मिक्श्चरच्या बाटल्या मांडून बसायला तयार असत ती बहुधा हीच मंडळी.

समितीचा अहवाल १९४६ साली आला. स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया या अहवालावर रचला गेला, आणि त्याची मोठी शिफारस अशी होती की यापुढे देशात एकाच प्रकारचा डॉक्टर घडवावा, विद्यापीठात पूर्ण शिकलेला. परवान्याचे अभ्यासक्रम गुंडाळावेत. काही सदस्यांनी वेगळे मत नोंदवले. इतके डॉक्टर तयार होईपर्यंत खेड्यांनी काय करायचे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. बहुमताचा विचारही उदात्तच होता. शहराला एक डॉक्टर आणि खेड्याला अर्धा, असा भेद स्वतंत्र देशात का असावा? भेद मिटला खरा, पण कागदावर. पूर्ण डॉक्टर शहरातच राहिला आणि अर्धा निघत होता तो कारखाना बंद झाला.

दुसरा एक रस्ता तेव्हाही कोणीतरी दाखवून ठेवला होता. काँग्रेसने नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीची आरोग्यविषयक उपसमिती कर्नल साहिबसिंग सोखी यांच्याकडे होती. सोखी म्हणजे परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक, लशींच्या दुनियेतला माणूस. त्यांच्या उपसमितीने १९४० साली सुचवले, की दर हजार लोकवस्तीमागे गावातच एक आरोग्यसेवक असावा. स्वच्छता, प्रथमोपचार आणि साधे औषधपाणी एवढे त्याला शिकवावे. सूचना फायलीत गेली. हजारामागे एक, हे प्रमाण मात्र पुढे पुन्हा पुन्हा वर येत राहिले, दर वेळी नवी कल्पना असल्याच्या थाटात.

१९५२ पासून समुदाय विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. भोर समितीच्या स्वप्नात दहा ते वीस हजार वस्तीमागे पंच्याहत्तर खाटांचे केंद्र होते. हाती आले ते त्याचे फारच खंगलेले रूप: बैठी इमारत, दोन-चार खाटा, एक कंपाउंडर, आणि ‘साहेब तालुक्याला गेलेत’ हे ठरलेले उत्तर.

अशा काळात डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला उतरले. रजनीकांत राहुरीचे, मेबल जबलपूरच्या. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. अमेरिकेला जाण्यापूर्वी त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशन रुग्णालयात काही वर्षे काढली होती. हगवणीने सुकलेले मूल बरे करून घरी पाठवावे आणि तेच मूल किंवा त्याचे भावंड पुन्हा त्याच खाटेवर यावे, हे त्यांनी तिथे पुरेपूर पाहिले. रोग घरात, पाण्यात आणि ताटात होता, दवाखाना मात्र त्याची वाट पाहत दारात बसलेला. तिथून दोघे जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले आणि परतले ते जामखेड निवडून.

जामखेड म्हणजे पर्जन्यछायेतला कायमचा तहानलेला तालुका. जनावरांच्या जुन्या, पडीक दवाखान्यात आरोळ्यांनी माणसांचा दवाखाना सुरू केला. लगेच १९७२ चा दुष्काळ आला. महाराष्ट्रात ज्यांना तो आठवतो त्यांना सुकडी आणि खडी फोडण्याची कामे आठवतात. जामखेड प्रकल्पाने त्या वेळी बोअर घेऊन हातपंप बसवायचे काम हाती घेतले. पाण्याच्या जागा दाखवायला भूगर्भतज्ज्ञ आला, तेव्हा जागा दलित वस्तीतच दाखवा, अशी विनंती आरोळ्यांनी त्याला आधीच करून ठेवली होती. पाणी हवे तर गावाने तिकडे जावे. वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हा उपचार सापडणार नाही, पण अतिसाराइतकाच शिवाशिवीवरही तो लागू पडला.

पहिली योजना मात्र फसली. गावोगावी प्रशिक्षित नर्स ठेवायची असे ठरले होते. परक्या गावात एकटी राहणारी तरुण मुलगी गावाला खपेना आणि तिलाही ते सोसेना. ती सांगे ते ऐकणारे कोणी नव्हते. तेव्हा गावातलीच एखादी बाई का घेत नाही, असे गावकऱ्यांकडूनच पुढे आले. शिकलेली नसली तर नसेना, तिचे ऐकतील तरी.

निवडल्या गेलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या. कोणी विधवा, कोणी टाकलेली, बऱ्याच जणी दलित. चाळिशीकडे झुकलेल्या, चार पोरे वाढवलेल्या आणि त्यांतली एखाद-दोन गमावलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत आणि मुक्काम करत. दिवसा बाळाचे वजन कसे करायचे, बाळंतपणात नाळ स्वच्छ ब्लेडने कशी कापायची, हगवण लागली की साखर-मिठाचे पाणी कसे पाजायचे, अंगावरचा बधिर चट्टा महारोगाचा कसा ओळखायचा, हे शिकत. रात्री सगळ्या एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत. ती गोधडी त्यांनी मिळून शिवली होती. मराठा, माळी, महार, मांग अशा बायका एका पांघरुणात, हे १९७०च्या दशकात नगर जिल्ह्यात सहज घडणारे नव्हते. अभ्यासक्रमाचा अर्धा भाग त्या गोधडीखालीच पार पडला असणार.

या बायकांना पगार असा नव्हता. शेळ्या-कोंबड्या, किरकोळ धंदा, छोटे कर्ज यांतून कमाईची वाट काढायला प्रकल्प मदत करी. त्यांचे वजन वाढले ते वेगळ्याच कारणाने. ज्या घराच्या ओसरीवर चढायची मुभा नव्हती, त्या घरातले मूल तिने सांगितलेल्या पाण्याने वाचले की मुभा आपोआप मिळे. प्रकल्पाच्या नोंदींनुसार या गावांतले बालमृत्यूचे प्रमाण १९७१ साली हजारी १७६ होते. १९७६ साली ते ५२ वर आले आणि १९९०च्या दशकात पंचविशीच्या आसपास टेकले.

जामखेडचे नाव जगात गेले ते या आकड्यांमुळे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवांवर एक पुस्तक काढले. चीन, क्युबा, टांझानिया यांच्या शेजारी त्यात जामखेडवर प्रकरण होते. १९७८ च्या सप्टेंबरात अल्मा-आताला झालेल्या परिषदेने ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा दिली. त्यामागे जे मोजके प्रयोग होते त्यांत या दुष्काळी तालुक्याचा समावेश होता. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबराकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, की तुमची मोठी इस्पितळे अशी असतात, सुंदर पण महाग आणि हात न पोचणारी. मग पणती दाखवून त्यांनी सांगितले, की हिने दुसरी पणती पेटते आणि हिचे काही कमी होत नाही. कोणाचा शब्द किती वजनाचा हे त्या सभेला तिथेच कळले असावे.

महाराष्ट्रात १९७०च्या दशकात असे प्रयोग जणू साथीसारखे पसरले होते. पुण्याच्या केईएमच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातल्या वढूला १९७२ पासून काम उभे केले. हेमलकशाला १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी सुरू झाली, तिची गोष्ट वेगळी आणि पुष्कळदा सांगितली गेलेली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले नामवंत प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया अलिबागजवळच्या मांडव्यात रमले. त्यांचेही म्हणणे तेच: गावातल्या बाईला शिकवा, ती बहुतेक आजार गावातच निभावेल. मांडव्याच्या बायकांनी ते करून दाखवले. प्रकल्प मात्र गुंडाळावा लागला, कारण स्थानिक पुढारी आणि सरकारी आरोग्ययंत्रणा यांना तो सोसेना. गोरगरीब बाया प्रश्न विचारू लागल्या तर त्याचा त्रास आजाराला नव्हे, इतरांनाच होतो. अंटियांचा प्रयोग यशस्वी झाला होता, म्हणूनच तो बंद पडला, असे म्हणायला जागा आहे.

दिल्लीत १९७७ साली जनता पक्षाचे सरकार आले. आरोग्यमंत्री झाले राजनारायण, रायबरेलीत इंदिरा गांधींना हरवणारे, डोक्याला हिरवे फडके बांधणारे पैलवान गडी. गावातल्याच माणसाला आरोग्यसेवक करण्याचा हा विचार त्यांना मनापासून पटला आणि त्यांनी तो घाईने देशभर लागू केला. २ ऑक्टोबर १९७७ रोजी सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू झाली. हजार वस्तीमागे एक माणूस, तीन महिन्यांचे शिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधे. डॉक्टरांच्या संघटनांनी ‘सरकारी भोंदू’ तयार होणार म्हणून ओरड केली.

योजना बुडाली ती भोंदूपणाने नव्हे. निवड गावाने करायची होती, ती सरपंचाने केली. सरपंचाला पुतण्या होता, भाचा होता. बाळंतिणीच्या खोलीत ज्याला प्रवेशच नाही असा पुरुष माता-बालकांचा कार्यकर्ता झाला. ५० रुपये ही त्याला सरकारी नोकरीची पहिली पायरी वाटली आणि पुढची पायरी येईना म्हणून तो संघटना बांधून बसला. सरकारने कार्यकर्त्याचा ‘स्वयंसेवक’ केला, मग स्वयंसेवकाचा ‘आरोग्य मार्गदर्शक’. १९८१ नंतर पुरुषांच्या जागी बायका घ्या असा आग्रह धरला, तर प्रकरण कोर्टात गेले. २००२ साली केंद्राने पैसा देणे थांबवले तोवर ही योजना आहे याचाच बहुतेकांना विसर पडला होता. जामखेडला दर आठवड्याचा मुक्काम होता, बरोबर जेवणारे डॉक्टर होते, पाठीशी दवाखाना होता. सरकारने यातले फक्त ‘हजारामागे एक’ एवढेच उचलले.

आता गडचिरोली. जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. नागपूरला शिकलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्सहून परतले आणि १९८६ पासून तिथे राहू लागले. दोघे डॉक्टर तर होतेच, पण त्यांचा पिंड संशोधकाचा. आरोळ्यांनी बदल घडवून दाखवला, बंगांनी तो मोजून दाखवायचा चंग बांधला. मोजमापाला एक ताकद असते. मंत्रालयातला सचिव पणतीची गोष्ट ऐकून डोळे पुसेल, पण फाइल हलते ती आकड्याने.

पहिला धक्का राणी बंग यांनी दिला. दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झाली होती ती जेमतेम ८ टक्के बायकांची. ‘लॅन्सेट’ने १९८९ च्या जानेवारीत हा अभ्यास छापला. तोवर कुटुंबनियोजनापलीकडे खेड्यातल्या बाईला शरीर असते, याची सरकारी कार्यक्रमांना खबर नव्हती.

दुसरे काम न्यूमोनियाचे. लहान मुले न्यूमोनियाने दगावत, आणि तो ओळखायची साधी खूण म्हणजे श्वासाचा वेग. पण गावातल्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नसे, दहा-बारापर्यंत येई. बंगांनी मण्यांचे एक यंत्र केले. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. मग कोट्रायमोक्साझोल, तेही दाईच्याच हाताने. बालमृत्यू खाली आले आणि १९९० साली ‘लॅन्सेट’ने तेही छापले. निरक्षर बाई प्रतिजैविक देते, हे वैद्यकातल्या पुष्कळांना घशाखाली उतरले नाही.

खरी लढाई पुढेच होती. मोठी मुले वाचू लागली, तेव्हा उरलेले मरण कुठे दडले आहे ते स्पष्ट दिसू लागले. ते जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत होते. गडचिरोलीत बाळंतपणे घरीच होत. दर शंभरांत बेचाळीस बाळे अडीच किलोच्या आत जन्मत. जन्मताच अंघोळ, मग गारठा, मग दूध ओढायला जोर नाही, मग जंतुसंसर्ग. इस्पितळात न्या म्हटले तरी बहुतेक आईबाप नेत नसत. तान्ह्या बाळाला घराबाहेर काढायचे नाही ही रीत, वाट जंगलाची, आणि खिशात पैसा नाही. तेव्हाचे नवजात शिशुशास्त्र इन्क्युबेटर आणि अतिदक्षता विभाग यांच्याभोवती फिरत होते. त्या शास्त्राकडे या झोपडीसाठी काही उत्तर नव्हते.

बंगांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत पाचवी-दहावी शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना आरोग्यदूत हे नाव मिळाले. १९९५ पासून या बायका बाळंतपणाला हजर राहू लागल्या. बाळ रडले नाही तर त्याला श्वास देत, वजन घेत, ताप पाहत, उबेसाठी बाळाला खास पिशवीत गुंडाळत. ठरल्या दिवशी घरी जाऊन ठरलेल्या खुणा तपासत. जंतुसंसर्गाच्या खुणा दिसल्या, आणि आईबाप इस्पितळात जायला तयार नसले, तर जेंटामायसिनचे इंजेक्शन देत.

इथे सगळे अडले. सातवी शिकलेली गावातली बाई दीड-दोन किलोच्या बाळाला सुई टोचणार? बाळाला काही झाले तर? बंगांचा प्रतिप्रश्न होता, की न टोचल्यास काय होते ते आपण मोजलेलेच आहे. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांमागे सोळा-सतरा दगावत होती. आरोग्यदूतांच्या हाती उपचार आल्यावर हे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. तिसऱ्या वर्षी या गावांत नवजात बालकांचे मृत्यू हजारी २५ झाले. सुरुवातीला ते ६२ होते. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते साठीच्या घरातच राहिले. १९९९ च्या डिसेंबरात हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि बाळाला वाचवायला आधी इस्पितळ बांधावे लागते ही समजूत मोडीत निघाली.

२००१ साली महाराष्ट्रातल्या तेरा संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारदरबारी नोंदवले जाणारे बालमृत्यू आणि प्रत्यक्षातले बालमृत्यू यांत केवढी दरी आहे हे त्यात घरोघरच्या नोंदींतून मांडले होते. विधिमंडळात गदारोळ झाला, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, आणि शासनाने अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली मूल्यमापन समिती नेमली. चोरी पकडणाऱ्यालाच पंचनाम्याला बसवण्याचे हे उदाहरण दुर्मीळ, आणि सरकारच्या बाजूने नोंदवावे असे.

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि ‘आशा’ ही गावातली आरोग्यसेविका आली. पुन्हा हजार वस्तीमागे एक. या वेळी १९७७ ची एक मोठी चूक टाळली होती: ती बाईच असेल. मानधनाचा प्रश्न मात्र वेगळ्या तऱ्हेने बिघडवून ठेवला. ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका. म्हणून पगार नाही. बाळंतीण दवाखान्यात नेली तर इतके, लसीकरणाला मुले गोळा केली तर इतके, असा कामागणिक मोबदला. जामखेडच्या बाईपुढे गाव होते, आशापुढे रकानेच रकाने आले.

गडचिरोलीची पद्धत २०११ साली देशभरच्या आशांना दिली गेली. जन्मानंतर बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी, वजन, ताप, स्तनपान, धोक्याच्या खुणा. सगळ्या भेटी झाल्या की २५० रुपये. पिशवीत वजनकाटा आला, थर्मामीटर आला. सुई आली नाही. आशाने खुणा ओळखाव्यात आणि बाळाला वर पाठवावे, असे ठरले. इस्पितळातल्या बाळंतपणांचे प्रमाण वाढले होते, रुग्णवाहिका धावू लागल्या होत्या, त्यामुळे हा निर्णय पुष्कळ ठिकाणी चालून गेला. जिथे ‘वर’ म्हणजे पावसाळ्यात तुटलेली वाट आणि रिकामी खुर्ची, तिथल्या बाळांसाठी तो १९९५ च्या मागे जाणारा होता.

खुर्ची रिकामी राहते याला उपाय शोधणे चालूच आहे. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होणाऱ्याला वर्षभर ग्रामीण सेवेचा बाँड आहे. तो न पाळल्यास दंड दहा लाख होता, आणि दंड परवडणारे घर कोणते हे वेगळे सांगायला नको. २०१० साली मेडिकल कौन्सिलने खेड्यांसाठी साडेतीन वर्षांची पदवी सुचवली, म्हणजे एलसीपीएस डॉक्टर नव्या नावाने. ‘खेड्याला अर्धा डॉक्टर का?’ हा भोर समितीचा युक्तिवाद इंडियन मेडिकल असोसिएशनने जसाच्या तसा पुढे केला. साठाहून अधिक वर्षे लोटली होती, पूर्ण डॉक्टर खेड्यात आलेला नव्हता.

मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. जामखेडचे काम त्यांची मुले चालवतात, आणि जगभरातून विद्यार्थी तिथे शिकायला येतात. त्यांना शिकवायला अनेकदा गावातल्या आरोग्यसेविकाच उभ्या असतात.

कोविडच्या काळात दारोदार जाऊन ऑक्सिजनची पातळी मोजायचे काम आशांकडे आले. मास्क कधी मिळाले, कधी साडीचा पदर पुरला. १५ जून २०२१ रोजी महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या. आठवडाभराने तडजोड झाली: महिना हजार रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक नेतृत्वाचा पुरस्कार दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातल्या आशा पुन्हा संपावर होत्या, आणि आश्वासनाचा शासननिर्णय निघेना म्हणून २०२४ च्या जानेवारीत तिसऱ्यांदा. त्या हिवाळ्यात त्यांनी आझाद मैदानात ठाण मांडले. मार्चमध्ये मंत्रिमंडळाने ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. त्या सगळ्या वाटाघाटींत मानधन होते, मोबाइल होता, ऑनलाइन माहिती भरण्याचे ओझे होते. सुईचा विषय कोणाच्याच मागणीपत्रकात नव्हता.